आगमनातली दोन अक्षरं

—अहो, मलाही वाचता येतं, मॅडम. 'आग'च लिहिलंय. निळ्या रंगात लिहिलंय, लाल नाही, तेवढीच काय ती दया. तुमचा तो फाटकावरचा रखवालदार सकाळी येऊन गेला, दारातच थबकला, म्हणाला, पेंटर, ही पाटी अशीच लावलीत तर परवा पहिलं विमान उतरायच्या आत लोक खिडक्यांतून उड्या मारतील! त्याला म्हटलं, बाबा रे, दम धर, पुढची अक्षरं यायचीत अजून. आगमन. 'आग' झाली, 'मन' राहिलंय. आता मनच होत नाही त्याला मी काय करू? — हसलात ना? हसा. आणि बसा. त्या स्टुलावर नको, त्याला पांढरा लागलाय, ओला आहे. ह्या डब्यावर बसा. झाकण पक्कं आहे, घाबरू नका, एवढ्या शिकलेल्या माणसाचंही वजन पेलेल.

बाकीच्या? बाकीच्या झाल्या की. त्या बघा भिंतीला ओळीनं — प्रतीक्षालय, सामान, पिण्याचे पाणी, आणि ती मोठी, निर्गमन. कशी उतरलीय सांगा. रफार बघा त्यातला, असा वळलाय की बघणाऱ्याला वाटावं आपणही उठून जावं कुठंतरी. ती एका बैठकीत झाली. चहासुद्धा घेतला नाही मध्ये. — नाही, निर्गमन सोपं असं नाही, वेलांटी आणि रफार तर त्यात जास्तच आहेत. पण हात चालला. काही काही शब्दांना हात चालतो. आता तुम्ही विचाराल, मग आगमनाला काय झालं? काही नाही झालं. हवा दमट आहे. रंग वाळत नाही. — काय? निर्गमनाला हवा कोरडी होती का? वा. मॅडम म्हणू की घड्याळवाल्यांची धाकटी म्हणू तुम्हाला? तुमचे बाबा अगदी असेच. घड्याळ दुरुस्तीला नेलं की आधी आपली चौकशी करतात, मग घड्याळाची.

तसं मला तुमच्याशी भांडायचं नाही. उलट उपकारच आहेत. तुमच्या वरच्या साहेबांना पाट्या मशीनवर छापलेल्या हव्या होत्या, ठाऊक आहे मला — आणि तुम्ही हट्ट धरलात, म्हणालात, विमानतळ गावाचा, तर अक्षरंही गावच्या हाताची. त्या सभागृहातल्या भाषणात म्हणालात, मी होतो ना, तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली. काय बोललात हो तुम्ही! विमान म्हणजे काय नुसतं उडणारं वाहन नाही — मग हात असा केलात — ते या शहराचं दार आहे. मी शेजारच्या सलूनवाल्याला म्हटलं, दार आहे म्हणतात, बिजागरीला तेल घालायला पाहिजे. तो हसला नाही. तो डोळे पुसत होता. त्याच्या दुकानाचं नाव बदललं त्यानं दुसऱ्याच दिवशी, 'विमान केशकर्तनालय', मीच रंगवलं. मग कपडे धुणाऱ्याचं 'एअरपोर्ट लाँड्री'. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला 'रनवे' हवं होतं, त्याला म्हटलं, तुझ्या टपरीची लांबी बघ आणि मग रनवे म्हण. तुमचं विमान उडायच्या आधी माझा धंदाच उडाला, वर, आकाशात!

आणि खोटं नाही बोललात, ते मला मान्य आहे. तो पंपाचा कारखाना बघा. बाहेरची माणसं माल बघायला येतो म्हणायची आणि रस्त्याचं ऐकलं की त्यांना ताप यायचा. आता येतील. सकाळी येतील, पंप बघतील, सही करतील, संध्याकाळी परत. मोठ्या दवाखान्यात हृदयाचा डॉक्टर आठवड्याला येणार म्हणतात, मग माणसं हृदय धरून सात तास गाडीत बसणार नाहीत. हे सगळं मी तुमच्या आधीपासून म्हणतोय! विचारा कुणालाही, 'विमान हवे, आताच हवे' हे फलक कुणी रंगवले? मी. फुकट. मोर्चाच्या पुढे कोण होतं? मी, हातात डबा घेऊन, कारण एका फलकावरचा 'हवे' वाटेतच पुसट व्हायला लागला होता. तुम्ही तेव्हा तिकडे दूर, पुस्तकांत डोकं घालून. तेव्हा मला सगळे 'विमान पेंटर' म्हणायचे. अजून म्हणतात.

मग आता मीच का पाटी अडवून बसलोय? — अडवली कुठं? दमट आहे म्हटलं ना. — बरं, बघू नका असं. तुमची आईही अशीच बघते.

त्या भाषणात एक वाक्य बोललात तुम्ही, ते माझ्या डोक्यात बसलंय. म्हणालात, विमान दोन्ही बाजूंनी भरलं तरच टिकतं. जाताना भरून गेलं आणि येताना रिकामं आलं तर वर्षभरात बंद पडेल. बरोबर ना? म्हणजे तुम्हालाही धाकधूक आहे. जाणारे काय, जातील हो! जायला आपल्या गावाला कधी विमान लागलं नाही. पोरं बैलगाडीतूनही गेली असती. आमचा चिरंजीव गेला तो रात्रीच्या बसनं गेला, टपावर बॅग, खिडकीत तोंड, आणि बस वळायच्या आत झोपलासुद्धा. त्याचं झोपलेलं डोकंच दिसलं आम्हाला. आई त्याची हात हलवत होती, त्या डोक्याला.

नाही, चांगला आहे तो. वाईट बोलत नाही मी. दर रविवारी फोन करतो, चुकत नाही. आणि दर रविवारी म्हणतो — बाबा, थेट विमान असतं ना, तर दर महिन्याला आलो असतो. आधी तिकडून मोठ्या शहरात, मग तिथून गाडी, मग बस, येण्याजाण्यातच सुट्टी संपते. बरोबरच आहे ना? त्याचं बरोबरच आहे. मी म्हटलं, ठीक, मग विमानच आणू. म्हणून तो मोर्चा, तो डबा, तो फुकटचा रंग. — तुम्हाला काय वाटलं, पंपाच्या कारखान्यासाठी? होय, पंपासाठीही. दवाखान्यासाठीही. मी स्वार्थी नाही, मला फक्त एकच सीट हवी होती, बाकीची तुम्ही पंपवाल्यांना द्या.

हळू बोला. वर गॅलरीत बसलीय आमची मंडळी. गुडघ्यांमुळे जिना सुटलाय तिचा, त्यामुळे गावाची बातमी माझ्याच तोंडून वर जाते. रोज विचारते, विमान कधी? — परवा आहे हे तिला ठाऊक नाही. नाही सांगितलं. मी सांगितलंय, लांबलंय. काय करू, तिनं त्याच्या खोलीला पडदे बदलून ठेवलेत! गादी दोनदा उन्हात टाकायला लावली मला. म्हणते, आता काय, तासाभराचं काम, आता येईल. मी म्हणतो, पाट्या झाल्या नाहीत अजून, पाट्यांशिवाय सरकार विमान सोडत नाही. तिला पटतं. मी पेंटर, मला माहीत असणार. आणि त्यालाही कळवलेलं नाही मी. का म्हणजे? असंच. रविवारी सांगेन. या नाही, पुढच्या.

कसं असतं ना, मॅडम, विमान नाही म्हणून येत नाही, हे वाक्य ऐकायला चांगलं वाटतं. त्यात सगळा दोष विमानाचा. रात्री जेवताना आम्ही दोघं मिळून विमानाला शिव्या देतो, सरकारला देतो, त्या रस्त्याला देतो, मस्त जेवण जातं. उद्या विमान आलं तर शिव्या कुणाला द्यायच्या? — तुम्हाला? द्या म्हणताय? मोठ्या मनाच्या आहात.

ते जाऊ द्या. तुम्ही सांगा, तुम्ही कशा आलात परत? तेव्हा तर विमान नव्हतं. — गाडीनं. हं. मग? — बस बंद पडली? कुठं, घाटात? अरे देवा. मग? — कशात? टेम्पोत? गाद्यांच्या टेम्पोत! तरीच घड्याळवाले सांगत होते, पोरगी आली तेव्हा केसांत कापूस होता! म्हणजे झोपून आलात म्हणा की, आणि आम्हाला सभागृहात रस्त्याच्या हालअपेष्टा ऐकवता! आणि एवढी घाई कशाची होती? बाबा आजारी होते का? — नव्हते. कुणाचं लग्न? — तेही नाही. ही नोकरी? — नोकरी तर नंतर लागली, हो, खरंच की. मग कशासाठी आलात हो, गाद्यांवरून?

यावंसं वाटलं.

हं.

— नाही, काही नाही. धूळ गेली डोळ्यात. टर्पेंटाइन आहे इथं, चुरचुरतं.

असं नुसतंच यावंसं वाटलं... बरं. बरं आहे.

उठा आता. किती वेळ बसणार पोरी, कामं नाहीत का तुला? विमानतळ काय असाच उघडणार परवा? मागच्या दारानं जा, वरून ती बघेल आणि विचारेल, विमान कधी. — नको. थांब. समोरूनच जा. विचारलं तर सांग, परवा. खरं ते सांग. आणि पाटीचं विचारलं तर म्हणावं, संध्याकाळपर्यंत वाळेल, हवा कोरडी झालीय.

काय बघतेस? सरक तिकडे, उजेड अडवतेस. मला 'म' काढायचाय.