गाईच्या मापानं

लेक न्हाई, सून हाय माझी — विजयश्री. आत ऑपरेशनच्या टेबलावर घेतलीय. तुझी बायको पण आतच ना? मग बस बाबा, येरझाऱ्या घालून दार लवकर उघडत न्हाई.

मी म्हाळुंग्याचा. कंपन्या यायच्या आधी आमच्याकडं गोठेच गोठे — कुणाची गाय अडली की मला हाक. आधी पुढचे दोन खूर, त्यावर टेकलेलं मुस्काट, मग वासरू सरळ घसरत येतं. घाई करायची न्हाई — एवढंच माझं शिक्षण. बाईचं तसं नसतं म्हणे. मी विचारलं, बाळ अडलं कसं? तर फरहीन सिस्टरनं कमरेचं प्लास्टिकचं हाड दाखवलं. माणूस दोन पायांवर उभा राहिला ना, लाखो वर्षांमागं — तवा वाट आवळली, आन् बाळाचं डोकं मोठं होत गेलं. आतल्या आत वळत वळत यावं लागतं त्याला. पोटाचा भार पेलायला बाईचा कणा सुदिक खाली जास्त वाकलाय, आपल्या गड्यांपेक्षा — मला ठावं होतं का? न्हाई. आठव्या महिन्यापर्यंत कंपनीच्या लाइनवर उभी राहून वायरी जोडायची पोर. बस म्हटलं की हसायची — 'मामा, कंपनी काय पाट मांडून देती व्हय?'

आज सकाळी पाणी गेलं तिचं. शेखर, माझा पोरगा, शिफ्टला — फोन लॉकरमध्ये. ती म्हणाली, मामा, रिक्षा बघा. मी म्हणालो, वेळ हाय पोरी, पडून राहा. तीनदा म्हणाली. मग गप झाली — मला वाटलं, बरं झालं, गाय बी व्यायच्या आधी गप होती. दुपारी चादर लाल दिसली, तवा उठलो.

सिस्टर म्हणाली, गाय एकटी कोपऱ्यात जाऊन विते, बाईला दुसऱ्याचे हात लागतातच — अगदी पहिल्यापासनं लागत आलेत. आन् माझे हात? मांडीवर.

बाळ गेलं रं. आता ती तरी —

न्हाई, डॉक्टरांना न्हाई सांगितलं. उशीर का, विचारलं तर ट्रॅफिक म्हणालो. चाकणच्या चौकात रोजचीच कोंडी, कोण खोटं म्हणणार? तुला का सांगितलं, देव जाणे.

तो बघ, गळ्यात कंपनीचा पास — शेखर. पळत येतोय. ऊठ बाबा, तिकडच्या बाकावर जा. त्याला खरं सांगायचंय — परक्या माणसासमोर पुन्हा ट्रॅफिकच निघंल तोंडातनं. जा.