शेपटातली ड्यूटी

(रविवारची सकाळ, बोरगाव मेघे. वायुसेनेतून निवृत्त झालेले बाबाराव ओसरीवर बसून सांगत आहेत, मुलगी भावना लॅपटॉपवर लिहून घेत आहे. बायको मीराबाई आत स्वयंपाकघरात.)

भावना: बाबा, ते 'शत्रूच्या छातीत धडकी भरवणारे आमचे स्क्वाड्रन' खोडू का? तुमची विमानं हवेतल्या हवेत दुसऱ्या विमानांना तेल द्यायची. त्यानं धडकी कोणाला भरणार?

बाबाराव: राहू दे. स्क्वाड्रनचा वर्धापनदिन आहे, जुन्या लोकायले इतिहासासाठी एकेक पान मागतलं. बाकीचे असंच लिहितीन. आपलंच पान काऊन पातळ करतं?

भावना: बाकीच्यांच्या लेकी कॉलेजात इतिहास शिकवत नसतील. खरं काय झालं ते सांगा. सुरुवातीपासून.

बाबाराव: सुरुवात म्हणजे, विमान आलं परदेशातून अन् शिकवाले एक उस्ताद आला. तो बोले रशियन. दुभाषी त्याचं इंग्रजी करे, साहेब लोक त्याचं हिंदी करत, अन् मी मनातल्या मनात वऱ्हाडी करो. माह्यापर्यंत येता येता एवढंच उरे, का कोणत्याच बटनाले हात लावू नको.

भावना: हे छान आहे. लिहिते.

बाबाराव: नको बाप्पा. थे इज्जतीत बसत नाई.

मीराबाई: मले सैपाकघरात सारं आयकू येते. भावना, तो फॅमिली डे लिही त्यात. बायकायले विमान दाखवाले नेलं होतं. मी साऱ्या कॉलनीत सांगून बसली होती, का आमचे हे विमान उडवतात. शिडी चढली अन् सरळ पुढं निंघाली, पायलटच्या खुर्चीकडं. त एक पोरगा म्हणे, वहिनी, तिकडं नाई, मांगं. मांगं गेली, त म्हणे, अजून मांगं.

बाबाराव: शेपटात बसो मी. शेपटात काचेची एक कोठडी असते, तोंड मांगं करून बसा लागते. विमान कुठी चाललं, थे मले नोकरीभर दिसलं नाई. कुठून आलो, तेवढं बराबर दिसे.

भावना: आणि तिथं बसून काम काय?

बाबाराव: पाइप सोडाचा. पाइपाच्या टोकाले एक टोपली असते. मांगून लढाऊ विमान येते, त्याच्या नाकापाशी नळी असते. थे नळी टोपलीत घालते, तेल घेते अन् सुटते. लढाई थे करतीन, पदक थे घेतीन, फोटो त्यायचे छापून येतीन. आमी हात हलवाचा अन् घरी येऊन वरण-भात खायाचा.

भावना: म्हणजे पंपच की.

बाबाराव: पंप नको म्हणू.

मीराबाई: काऊन नाई म्हणाचं? आज अकरा वाजता पुलगावच्या रस्त्यावर आपल्या अंकितच्या पेट्रोल पंपाचं उद्घाटन आहे. बुद्धवंदना होईन, मंग पहिली गाडी भरतीन. अन् पोराचा बाप इथी इतिहास लिहून राह्यला.

बाबाराव: आज पाठवाचंच आहे ना थे पान. मी काय मुद्दाम बसलो?

भावना: बाबा, पानाची मुदत मागच्या रविवारीच संपली. मी फोन करून महिनाभर वाढवून घेतली. तुम्हाला सांगितलंही होतं. आजचाच मुहूर्त तुम्ही काढला.

बाबाराव: मले बोलावलं नाई त्यानं.

मीराबाई: पत्रिका आली ना घरी.

बाबाराव: पत्रिका त साऱ्या बोरगावले वाटली. तोंडानं बोलला का मले?

भावना: कसा बोलेल? पुण्याची नोकरी सोडून पंप घेतो म्हणाला, तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्हीच म्हणालात ना, 'इंजिनिअर केला, आता लोकाच्या गाड्यायत तेल भरीन.'

बाबाराव: म्हनलो. अन् तुया मामा तिथल्या तिथं म्हणे, 'भाऊजी, तुमी नोकरीभर काय भरलं?' सारे पाहुणे हासले. साऱ्या देशात असं बोलाचा ज्याले हक्क नाई असा एकच माणूस होता, अन् बोलला त थोच, म्हणजे मी.

भावना: हे कळतं, तर त्यानंतर दोन वर्षांत अंकितला एक फोन का नाही केला?

बाबाराव: आमच्या लाइनीत असं नसते, बेटा. टँकर म्हणजे आमचं तेलाचं विमान, थे कोणाच्या मांगं जात नाई. टँकरनं सरळ चालाचं. एक उंची, एक चाल, अन् 'ये' म्हणून हिरवा दिवा लावून ठेवाचा. ज्याले पायजे तो मांगून येते. टँकरच डुलला त टोपली डुलते, अन् टोपली डुलली त समोरच्याची काच फुटते. म्हणून मी हाललो नाई. त्याच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून ठेवला. गादीले ऊन देल्लं. येईन म्हनलं.

मीराबाई: अन् त्याले पुलगावात बसून कसं मालूम पडन, का बापाचा दिवा हिरवा आहे का लाल?

बाबाराव: थे त खरं आहे.

भावना: पण बाबा, एखाद्याला येताच आलं नाही, असं कधी झालंच नाही?

बाबाराव: एक डाव झालं. नवीन पोरगा होता. त्या दिवशी हवा खराब, विमान थरथरे. तो टोपलीपाशी ये अन् चुके. मांगं हटे, पुन्हा ये, पुन्हा चुके. मले त्याचं हेल्मेट तेवढं दिसे. उतराचं ठिकाण लय दूर, अन् त्याचं तेल सरून राह्यलं होतं. साहेब लोक पुढं पाहून विमान चालवत, त्यायले हे काई दिसे ना. मंग मीच सांगतलं, साब, याले नाई जमत. आपणच खाली चला.

भावना: ऐकलं त्यांनी?

बाबाराव: आयकलं. हळूहळू विमान खाली न्याले लागले. एवढं मोठं धूड, पण त्या पोराले झेपन अशा चालीनं ढगाखाली आणलं. तिथं हवा शांत होती. पोराची नळी पहिल्याच खेपेले लागली.

भावना: आणि हे तुम्ही पानात सांगितलं नाहीत.

बाबाराव: इतिहासात काय लिहाचं, का आमी खाली उतरलो?

भावना: तो पोरगा काय म्हणाला मग?

बाबाराव: बोलाले जमतेच कुठी? पण तेल पुरं झालं तरी उलीसा वेळ टोपलीले तसाच लागून राह्यला. मीही पाइप वढला नाई.

मीराबाई: पांढरा शर्ट इस्त्री करून खाटेवर ठेवला आहे. मी जा म्हणत नाई. नुसतं सांगून राह्यली.

बाबाराव: अन् त्यानं साऱ्यायसमोर तोंड फिरवलं त?

मीराबाई: फिरवू द्या. चार लोकायत तुमी बोलले, चार लोकायत त्यालेही एक मोका भेटू द्या.

बाबाराव: सासुरवाडीच सारी अशी बोलणारी आहे.

भावना: मी लॅपटॉप बंद करू का, बाबा?

बाबाराव: पहिले थे धडकी खोड. अन् ढगाखालचं लिही. दोनच ओळी लिहिजो, जास्त नाई.

भावना: लिहिते. तुम्ही शर्ट घाला.

बाबाराव: तुयी माय कुठी गेली? अवं, गाडीत तेल आहे का पुलगावपर्यंत?

मीराबाई: जाण्यापुरतं आहे. येण्याचं तो भरून देईन.