काढलेलं पित्ताशय नॉर्मल!

...नॉर्मल म्हणे! बरगडीखाली कुणीतरी ओली चादर पिळतंय असं दुखतंय, घास गिळला की कळ, आणि रिपोर्ट काय? सगळं नॉर्मल! पोट कुणाचं? माझं! पण मला विचारतंय कोण?

तुम्हाला सांगते, सोनोग्राफीला गेले, सकाळपासून उपाशी. पोटावर तो गारढोण चिकट जेल फासला, आणि डॉक्टरांच्या एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात फोन! "श्वास धरा... हां, बाथरूमला निळीच फरशी टाक... नाही रे, निळी..." अहो, सोडू का श्वास? मी जांभळी झाले! म्हटलं, डॉक्टर, तिथे नाही, इथे दुखतं. "बोलू नका, चित्र हलतं." घ्या! पोट कुणाचं?

रिपोर्ट घेऊन घरी येतेय तोच, तो माझ्या हातातून ओढून ह्यांचं नणंदेला फोनवर रिपोर्टवाचन सुरू. "लिव्हर नॉर्मल, किडन्या नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल, खडे नाहीत..." आणि नणंद तिकडून, "मी म्हणतच होते, मनाचे खेळ! कामात गुंतव तिला." गुंतव? मी काय लोकर आहे?

...थांबा. पित्ताशय? अहो, ते काढलंय माझं! दोन वर्षांपूर्वी! तुम्ही बाहेर बाकावर घोरत होतात, उठवून बाटलीतले खडे दाखवले होते तुम्हाला! तर हा माणूस चष्मा पुसून म्हणतो, "पण इथे छापलंय." मी कुर्ता वर करून व्रण दाखवला. व्रणाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि विश्वास ठेवला कागदावर!

तशीच तणतणत परत गेले. काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणते, "मॅडम, मजकूर सगळ्यांना तोच असतो. वेगळं असेल तेवढं डॉक्टर बदलतात." म्हणजे फरशी बदलली, माझं पोट राहिलं! असा आवाज चढवला मी की बाकावरचे सगळे आपापले रिपोर्ट उघडून बसले. एक आजोबा घाबरून, "बघ गं, मला गर्भाशय नाही ना लिहिलंय?"

मग घातलं मला मोठ्या, धडधडणाऱ्या यंत्रात. आणि सापडला! पित्ताच्या नळीत खडा, मागे राहिलेला. अजून थांबले असते तर कावीळ! आणि डॉक्टर मलाच, "पित्ताशय काढलंय हे आधी सांगायचं नाही का?" सांगायचं? बोलू नका कोण म्हणालं होतं? मी?

आता परवा खडा काढणार. आणि हे बाहेर उभे राहून नणंदेला, काय तो आनंद आवाजात... "अगं, खरंच दुखतंय तिला! रिपोर्टमध्ये आलंय!"

पोट कुणाचं?... जाऊ दे. छापून आलंय ना, आता निवांत दुखून घेते.