बॅटरीला पाणी कुणी पाजलं?

(चकलांब्याजवळच्या एका गावातल्या सोसायटीचं पेंड-सरकीचं गोदाम. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली, म्हणून शेजारच्या माळावर जनावरांची छावणी. गोदामाचं अठरा फुटी शटर मोटरीवर चालतं, लाइट गेली तर बॅटरीवर. ते बसवलं मालनबाईंनी. आज त्यांना बोलावणं आलंय ते कौतुकाला नाही, हे त्यांनी फाटकातच ओळखलं. अवजारांची पेटी मात्र स्वतःच उचलून आणली. दुसऱ्यानं उचललेली त्यांना खपत नाही.)

आबासाहेब : ...आन् मी त्या पाव्हण्यांपुढं छाती काढून सांगतोय, लाइट गेली तरी आमचं दार थांबत न्हाई. बटण दाबलं. दार गुडघ्याएवढं उचललं आन् बसलं की तिथंच!

मालनबाई : पाव्हणे कोण होते?

आबासाहेब : तीन सोसायट्यांचे चेअरमन. मी सोसायटीचा चेअरमन, मीच आणलते तुमचं काम दाखवायला. त्यातला एक वाकून खालून बघतो आन् म्हणतो, "आबासाहेब, दार तर म्हाताऱ्यावानी कुंथतंय." काल दुपारपासून माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई.

मालनबाई : मग उघडलं कसं?

आबासाहेब : ह्या सटवानं, साखळी ओढून. पाऊण तास! छावणीत नऊशे जनावरं हंबरत हुती.

मालनबाई : शाब्बास, मामा. हाताला फोड आले असतील.

सटवा : त्याचं काय न्हाई.

आबासाहेब : शाब्बासकी कशाची देता? सगळं ह्याचंच करणं हाय. राखणदार म्हणून ठेवला, तर ह्यानं छावणीतल्या लोकांचे मोबाईल लावून लावून बॅटरी पिळून काढली.

सटवा : म्या न्हाई लावले.

आबासाहेब : मग काय केलंस बे? कालपासून एवढंच तुणतुणं. मालनबाई, हे ह्याला कामावरून कमी केल्याचं पत्र. माझी सही तेवढी राह्यली. तुमी दोन ओळी लिहून द्या, गैरवापरानं बॅटरी गेली म्हणून. तुमच्या कामाला बट्टा न्हाई. पाव्हणे बी तुम्हालाच बोलावतील.

मालनबाई : नाडी बघितल्याबिगर मी औषध लिहीत न्हाई, साहेब. मामा, त्या बॅटरीच्या पेटीचं झाकण काढा, मीटर लावते. लाइट कधी आली?

सटवा : काल सांजच्याला. तवापासून चार्जच होतीया.

मालनबाई : मीटरचा काटा तर तळालाच. रातभर चार्ज होऊन ही गत? मोबाईलनं बसलेली बॅटरी रातभरात उठून बसती, साहेब. ही उठली न्हाई. बुचं काढते. मागं सरा, आत तेजाब असतं... अगं बाई.

आबासाहेब : काय झालं?

मालनबाई : काठोकाठ! वैशाख चाललाय, वर तापलेला पत्रा. ह्या दिवसांत हिचं पाणी भराभर उडतं. आन् इथं सहाच्या सहा घरं तुडुंब. ही काचेची नळी बघा. आतली गोळी वर तरंगायला पाहिजे, ही तर तळाला बसली. तेजाबात दम म्हणून राह्यला न्हाई. मामा, तुमची पाण्याची घागर कुठाय?

सटवा : कावून?

मालनबाई : बघायचीय.

सटवा : रिकामी हाय.

मालनबाई : रिकामीच बघायचीय. आणा. हे बघा साहेब, घागरीच्या काठाला पांढरं कडं. टँकरनं आणलेल्या बोअरच्या पाण्याचा खार. आता हिच्या बुचाखाली बघा. बोट लावू नका, नुसतं बघा. सारखंच का न्हाई?

आबासाहेब : सारखंच दिसतंय.

मालनबाई : मग हिच्यातून कुणी काय चोरलं न्हाई. उलट हिला पाजलंय कुणीतरी. टँकरचं पाणी. मामा, बोला की. तुमच्या भाकरीचा प्रश्न हाय.

सटवा : काय बोलू? टँकरचं पाणी भलतीकडं वापरलं की यादीतनं नाव कमी करतेत. छावणीतली साखराबाई म्हणली, कुठं बोलू नको.

मालनबाई : यादीवालं हितं कुणी न्हाई.

सटवा : पोरी, म्या जनमभर मेंढरं राखली. औंदा चारा न्हाई म्हणून भाऊ घेऊन गेला ती, गोदागंगेच्या काठानं. म्या हितं राह्यलो ह्या दाराला. तूच म्हणालतीस बसवताना, मामा, हिला पाणी कमी पडू देऊ नका, कोरडी पडली की मेली. मुकं जनावर तोंडानं मागत न्हाई. आपल्याला कळाय पाहिजे.

मालनबाई : म्हणालते. आन् बॅटरीच्या पाण्याचा भरलेला कॅन बी दिलता.

सटवा : त्यो शिमग्यालाच सरला. मग माझं सकाळचं चहाचं पाणी हिला घातलं. दोन दिसाला एक फुलपात्र.

मालनबाई : आन् चहा?

सटवा : सोडला. सवय तर हाय, काय मरत न्हाई माणूस.

आबासाहेब : अरे पण कॅन सरला तर सांगायचं का न्हाई!

मालनबाई : सांगितलं हुतं का, मामा?

सटवा : न्हाई.

मालनबाई : माझ्याकडं बघून सांगा.

सटवा : न्हाई म्हणलं ना एकदा! दे की लिहून काय लिहायचं ते.

आबासाहेब : थांब, सटवा. शिमग्याच्या टायमाला... मी जीपमधी बसत हुतो. तू रिकामा कॅन घेऊन पळत आलतास.

सटवा : मला न्हाई आठवत.

आबासाहेब : मला आठवतंय. "पाण्यासाठी कावून अडवतोस, टाक की टँकरचं," असं मी म्हणालतो. काच वर केली आन् गेलतो. तुझ्या घागरीशिवाय टँकरचं पाणी तुझ्याकडं येणार कुठून, एवढं बी ध्यानात आलं न्हाई. कालपासून शिव्या खातोयस, माझं नाव कावून घेतलं न्हाईस?

सटवा : चारचौघांत चेअरमनचं नाव कसं घ्यावं? इसरला असताल, असं वाटलं. इसरलेल्या माणसाशी भांडून काय?

आबासाहेब : माझी गल्लत झाली, सटवा. लई मोठी.

मालनबाई : तुमची चूक दुसरी, साहेब. पहिली माझी. पाणी घाला म्हणाले, कोणतं ते सांगितलं न्हाई. वीस वर्षं बॅटऱ्यांत हात हायेत, मला वाटलं सगळ्या जगालाच म्हाईत असणार. कागद द्या, लिहून देते. बॅटरी खारट पाण्यानं गेली आन् नीट सांगितलं न्हाई ते मालनबाईनं.

आबासाहेब : आन् पाव्हणे? तीन गोदामांचं काम हाय, मालनबाई. हे वाचलं तर तोंड फिरवतील.

मालनबाई : फिरवू द्या. अठरा फुटाचं लोखंडी दार माणसाच्या डोक्यावर लटकतं. चूक झाकणाऱ्या मिस्त्रीच्या दाराखालून मी तर जायची न्हाई. त्यांना गुरुवारी बोलवा, मी स्वतः सांगते तोंडावर. मग मेन स्विच बंद करून दहादा दार वरखाली करते. हसणाऱ्या पाव्हण्याला बटण दाबायला लावा.

आबासाहेब : दहादा?

मालनबाई : बारादा करा. माझ्या दुकानातली बॅटरी गाडीत हाय, नवी येईपर्यंत ती चालंल. मामा, उचलू लागा.

सटवा : पेटीला तर हात लावू देत न्हाईस.

मालनबाई : पेटी माझी. बॅटरी तुमच्या दावणीची. हं, सावकाश. लाल वायर हिकडं. आवळली. साहेब, मेन स्विच बंद करा. केला? मामा, दाबा बटण.

सटवा : म्या?

मालनबाई : तर कोण?

सटवा : ...चाललं. चाललं की बे! बघा आबासाहेब, कसं तालात चाललंय.

आबासाहेब : पार वर गेलं. आवाज बी न्हाई.

मालनबाई : ते पत्र द्या हिकडं. मागची बाजू कोरी हाय ना? लिहा तुमच्या हातानं मोठ्या अक्षरात, फक्त बॅटरीचं पाणी. बॅटरीच्या पेटीवर डकवू.

आबासाहेब : लिहितो. बरं झालं, सही केली नव्हती.

सटवा : मला कुठं वाचाया येतंय? त्यापरीस कॅनला गेरूचा पट्टा मारा. मेंढरांवर आमी तशीच खूण करतो, लांबून वळखू येती.

मालनबाई : हे बेस. पत्र बी डकवू, पट्टा बी मारू. साहेब, कॅन सरला की तुमी स्वतः आणायचा.

आबासाहेब : आणीन. जीपची काच खाली करून.

मालनबाई : मामा, हा घ्या नवा कॅन. ह्या बॅटरीची दोन घरं पाण्याला जराशी कमी हायेत. सांजच्याला चार्ज पुरी झाली की भरा, ह्या रेघेपर्यंत, वर एक थेंब न्हाई. आन् ही बाटली माझी, घरनं आणलेली. गोड पाणी हाय. हे तुमच्या चहाचं.

सटवा : आन् तू वाटंत काय पिशील?

मालनबाई : फाट्यावर मिळतं मला. टाका चहा आत्ताच, मी थांबते.

सटवा : आत्ता न्हाई, पोरी. सांजच्याला टाकतो. आधी तिचं हुईल, मग माझं.