लाल केलेली ओळ

संगणकवाला : आता परत सेव्ह करा बरं, माझ्यासमोर. रोज करता अगदी तसंच.

ताई : रोज काय वेगळं करते? फाइल पेनड्राइव्हवर, कारण साहेबांच्या केबिनमध्ये न्यायची असते. सेव्ह केली, ओढला, पळाले. तिकडे उघडावी तर मशीन म्हणतं, फाइल खराब झालीये, दुरुस्त करू का? आठवडाभर हेच! डोक्याला नुसता ताप.

संगणकवाला : मग तुम्ही काय म्हणता?

ताई : हो म्हणते. नाही म्हणून जाऊ कुठे? उघडते तरी.

संगणकवाला : अहो ताई, जेवणाऱ्याच्या तोंडचा घास ओढताय तुम्ही. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय म्हणजे त्याचं लिहिणं चालू असतं. तेवढ्यात तुम्ही तो उपटता. फाइल अर्धीच राहते.

ताई : एवढंच? आणि मी मशीनला नावं ठेवत बसले.

संगणकवाला : आता आधी मशीनवर सेव्ह करायची, मग कॉपी. हे बघा. बंद केली. उघडली. ठणठणीत.

ताई : सुटले बाई एकदाची!

संगणकवाला : थांबा जरा. ही यादी कसली आहे?

ताई : आमच्या कंपनीकडे देखभालीला आहेत त्या लिफ्टा. वर्षातून एकदा सगळ्या बंद ठेवून तपासतात. तपासनीस येतो, बघतो आणि ओळीला रंग देतो. लाल म्हणजे दोर खराब, हात लावायचा नाही. बाकीच्या चालू करायच्या.

संगणकवाला : मग लाल कुठाय?

ताई : नाहीच. यंदा सगळ्या पास! मलाही नवलच वाटलं.

संगणकवाला : शेजारी काही लिहीत नाही का? "बंद", "खराब", असं काही?

ताई : छे. ही आमच्या बाबांनी घालून दिलेली पद्धत. इथले सगळ्यात जुने फिटर ते. म्हणतात, लिहिलेलं कोण वाचतंय, लाल दिसलं की माणूस आपोआप थांबतो.

संगणकवाला : ताई, तुम्ही "दुरुस्त कर" म्हटलंत ना, तेव्हा मशीन शब्द आणि आकडे वाचवतं. रंग वाचतीलच असं नाही. या फाइलमध्ये एकही रंग उरलेला नाही. वरचा मथळासुद्धा पांढरा आहे.

ताई : मथळा तर निळा होता. मीच केला होता.

संगणकवाला : तपासनिसानं पाठवलेली मूळ फाइल आहे?

ताई : मेलवर आली होती. थांब... कुठे गेली ती मेल?

संगणकवाला : सरका, मी उघडतो. ही बघा. एकच ओळ आहे लाल. नदीकाठचा टॉवर, मागची लिफ्ट.

ताई : अगं आई गं.

संगणकवाला : अजून बंदच असेल ना ती?

ताई : सकाळी मीच यादी छापून दिली. म्हटलं, सगळ्या चालू करून या.

संगणकवाला : कुणाला दिली?

ताई : बाबांना.

संगणकवाला : मग बघताय काय? फोन लावा!

ताई : लावतेय ना! वाजतोय नुसता... उचला हो, उचला... हॅलो, बाबा? कुठे आहात?

बाबा : (फोनवर) कामावर. आणखी कुठे असणार? आता लेकीलाही हजेरी द्यायची का?

ताई : नदीकाठच्या टॉवरवर गेलात का?

बाबा : तिथंच आहे. पुढची झाली, मागचीही झाली. रिकामीच वरखाली पळवून बघितली, लोण्यासारखी चालतेय. आता स्वतः एक फेरी मारतो, मग लोकांना सोडतो. माझा नेम तुला ठाऊक आहे. आधी आपण बसायचं, मग दुसऱ्याला बसवायचं.

ताई : बाबा, मागच्या लिफ्टमध्ये पाय ठेवू नका. ती लाल होती. ऐकताय ना? लाल होती ती!

बाबा : लाल? तुझ्या यादीत तर नव्हती.

ताई : माझी चूक झाली, नंतर हव्या तेवढ्या शिव्या घाला. आधी बाहेर या. बाबा, पाया पडते तुमच्या, बाहेर या.

बाबा : काय म्हणतेस? आवाज तुटतोय तुझा. दार लागलं बघ. खाली आलो की बोलू.