माणिक असली निघाला

माझं माहेर कारध्याचं अन् सासर शहापूरचं, मंधात एक नदी अन् एक भंडारा शहर, एवढंच माझं जग होतं म्हना ना. बाबा माझे लहान होते तवा त्यायच्या बाबासंग नागपूरले दीक्षेले गेले होते, अन् वापस आल्यावर घरातले देव टोपल्यात भरून वैनगंगेत सोडून देले, हे आमी लहानपनापासून ऐकत आलो. म्हनून आमच्या घरी गंडा नाई, ताईत नाई, अंगारा नाई, कोनाले ताप आला तं बाबा सायकलच्या डंड्यावर बसवून सीधे दवाखान्यात नेत. मी सातवीपर्यंत शिकली, मंग धानाच्या रोवन्याले जायची, कापाले जायची, अन् लगन झालं तं शहापूरले आली. आता शाळेत पोरायची खिचडी शिजवतो मी, चांगलं हाय, सावलीतलं काम हाय.

आमचे घरचे, मनोहर नाव त्यायचं, पन मी हेच म्हनतो, हे भंडाऱ्याले पितळेच्या भांड्याच्या दुकानात कामाले होते. गिऱ्हाईकानं पान्याचा जुना गुंड मोडीले आनला का हे बोटाच्या गाठीनं वाजवून पाहत, कान लावत, अन् सांगत का पितळ कसं हाय, जोड कुठी हाय. घरी बी तीच सवय, ताट वाजव, गिलास वाजव. मी चिडायची.

आमाले दोन लेकरं, अमोल मोठा अन् सरिता लहान. जिल्ह्याची वाटनी झाली, गोंदिया वेगळं झालं, तिकडं राहनारे माझे मोठे दीर घरबसल्या दुसऱ्या जिल्ह्याचे झाले म्हनून आमी हासत होतो, त्याच दिवसातली सरिता. साल-सव्वा सालाची असन तं तिचे हात-पाय सुजाले लागले, रडे तं थांबेच ना. रक्त तपासलं तवा समजलं का सिकलसेल हाय. डॉक्टरनीनं समजावून सांगतलं का बाई, तुमच्यात थोडं हाय, त्यायच्यात थोडं हाय, तुमाले दोघाले त्याचा तरास नाई पन पोरीत दोन्हीकडून आलं. मी म्हनलं, मंग अमोलमधी काहून नाई आलं, तं ते म्हने का ते कोनाच्या हातात नाई.

काय सांगू ताई तुमाले, ते दुखनं पाहिल्याबिगर समजत नाई. थंडी पडली का हाडं दुखत, पावसाचं पानी जास्त झालं का दुखत, परीक्षा आली का दुखत. पन पोरगी मोठी हासरी. डोळे नेहमी पिवळे, तं आरशात पाहून म्हने, आई, हळद लागायच्या आंधीच पिवळी झाली पाय मी. मेंदी काढाले लय चांगली, गावात कोनाचंबी लगन असलं तं पोरी तिच्याच पुढे हात धरून बसत, अन् दुसऱ्या दिवशी हिचीच बोटं सुजत. मंग नागपूरच्या डॉक्टरनं रोजची गोळी चालू केली. त्या गोळीनं फरक पडला ताई, खरंच पडला, खोटं कायले बोलू, दोन सालं दवाखान्यात भरतीच करा लागलं नाई, घरी थोडंफार दुखे तेवढंच. पन तिचे केस गळत, मळमळ होये, तं गोळीचं नाव काढलं का तोंड वाकडं करे. कालेजात जाऊन राहिली होती तवा, केसाचं दुःख तिले हाडापेक्षा जास्त.

आता यायच्या दुकानाचे शेठ, मानूस वाईट नाई, आमच्या दुखन्या-सुखन्याले धावून येनारा, पन चार बोटात चार खडे. ते याईले म्हने, मनोहर, एकडाव पोरीची पत्रिका दाखवून तं पाय. हे म्हनले आमी नाई मानत. शेठ म्हने मानू नको, दाखवाले काय लागते. असं बोलता बोलता ते याईले बाजारातल्या एका ज्योतिषाकडे घेऊन गेले, दुकानच होतं त्याचं, काचेच्या पेटीत लाल-पिवळे-निळे खडे मांडलेले. तो म्हने रक्ताचा रोग हाय, सूर्य कमजोर हाय, माणिक घाला. अन् वरतून म्हने का माणिक गरम असते, इंग्रजी गोळ्या बी गरम, दोन गरम एका अंगात चालत नाई, जरा पाहून घ्या. एवढंच म्हने. गोळी सोड असं तो तोंडानं म्हनला नाई, मी उगाच त्याच्यावर घालत नाई.

माझ्या कानातले मोडून अंगठी केली. मी नाई म्हनली नाई असं नाई, भांडली, पन हे डोळ्यात पानी आनून म्हनले का वं, तिले कण्हताना पाहून मले दुकानात भांडं हातात धरवत नाई, होऊ दे ना एकडाव. मानसाले रडताना पाहून मंग काय बोलता. सरिताले तं अंगठी भलतीच आवडली, लाल खडा, हात असा वर धरून उन्हात पाहे.

माझे बाबा आले एक दिवस कारध्यावरून, म्हातारे झाले होते, त्यायले तिच्या बोटात अंगठी दिसली. हे काय व बाई, म्हने. सरिता म्हने, फॅशन हाय आबाजी. बाबा च्या प्याले, अन् निंगताना दारात याईले येवढंच म्हनले, जवाईबापू, आमी नदीत सोडले ना, तेबी दगडच होते.

चार-पाच महिने पोरगी चांगली राहिली. हे दुकानात साऱ्याले सांगत फिरत का फरक हाय. मंग थंडीत एक दिवस सकाळी सरिता चुलीपाशी बसली होती तं म्हने, आई, छातीत भरून येऊन राहिलं. ताप होता. भंडाऱ्याले नेलं, तेथून नागपूरले पाठवलं. अम्बुलन्समधी माझा हात धरून, नाकाले नळी लावलेली, तरी म्हने, आई, रागावजो नोको, मी गोळ्या सोडल्या होत्या. कधीपासून व, म्हनलं. अंगठी घातली तवापासून, म्हने, खडा हाय ना म्हनून. केस बी वापस येऊन राहिले होते पाय. मी म्हनलं बरं केलं माय, काई होत नाई. दुसरं काय म्हनू ताई, तिच्या डोळ्यात भेव होतं. तीन रोज ठेवलं तेथी, डॉक्टर लोकायनं खूप केलं, रक्त चढवलं, मशीनवर ठेवलं. नाई राहिली. सकाळच्या पाहारी गेली. नर्सबाईनं अंगठी काढून माझ्या हातात देली.

दुःखाच्या घरी लोक येतात तसे आले. अन् ज्याले त्याले अंगठीचं माहीत होतं. कोनी म्हने आजकाल काच विकतात. कोनी म्हने खडा नकली असन म्हनूनच उलटला. शेठ बी हात जोडून बसले, म्हने मले फसवलं असन तं मी त्या मानसाले सोडत नाई. हे कोपऱ्यात बसून ऐकत. हळूहळू यायच्या डोक्यात तेच बसलं, का खडा काच हाय. रातदिस तेच. अंगठी घेत, बोटानं वाजवून पाहत, कानाले लावत. पितळेचं समजे याईले, खड्याचं काय समजन? मंग कोनीतरी सांगतलं का नागपूरले इतवारीत सराफ्यात लॅब हाय, तेथी मशीनीवर तपासून कार्ड देतात. मले म्हने, चाल. मी म्हनलं, आता तपासून काय करता, पोरगी येते का वापस? तं असे पाहिले माझ्याकडे, का मी चूपचाप लुगडं बदललं अन् बसस्टॉपवर गेली.

ताई, लोक तेथी जातात ते आपला खडा असली निघो म्हनून जातात. आमचा मानूस बसमधी हात जोडून बसला होता, का नकली निघो. काच निघो.

लहानसं आफिस होतं, वरच्या माळ्यावर, ठंडा ठंडा. एक पोरगी होती काउंटरवर, सरिताहून चार-पाच सालानं मोठी असन. तिनं अंगठी पुसली, तोलली, एका डबीसारख्या मशीनीवर खडा टेकवून पाहिला, मंग दुर्बिनीसारख्या यंत्राखाली ठेवून किती वेळ डोळा लावून बसली. अन् हासली. म्हने, काका, काळजी करू नका, असली आहे, नॅचरल माणिक आहे. हे म्हनले, परत पाहा. ती म्हने, पाहिलं ना काका. नाई नाई, परत पाहा. बिचारीनं परत पाहिलं, अन् मलेच म्हने, या मावशी, तुम्हीच बघा. मी डोळा लावला. आत सारं लालेलाल, अन् त्या लालात बारीक बारीक रेघा, धानाच्या लोंबीले कुसळं असतात ना, तशा. ती म्हने, काच असती तर बुडबुडे दिसले असते, या रेषा जमिनीतल्या खड्यातच असतात.

हे काई ऐकत नव्हते. म्हने तुमची मशीन बिघडली असन. तं तिनं आतून साहेबाले बोलावलं, चांगला मानूस होता, रागावला नाई, त्यानं बी सारं पहिल्यापासून तपासलं अन् म्हने, असलीच आहे, दुकानदाराने फसवलं नाही तुम्हाला. तवा यायचा आवाजच चढला. असली हाय, तं मंग काहून असं झालं? सांगा ना साहेब, असली हाय तं काहून? त्या पोरीले काई समजेना, ते मलेच विचारे, मावशी, कोण घालतं ही अंगठी? मी म्हनलं, आमची पोरगी. ती म्हने, त्यांना आणलं नाही का सोबत?

मी नुसती मान हलवली. मंग तिले समजलं. हातातली अंगठी तिनं ट्रेमधी ठेवून देली. साहेब हळूच म्हने, दादा, खडा कोणता आहे, खरा का खोटा, एवढंच आम्ही सांगू शकतो. तो काय करतो, हे आमच्या कार्डावर येत नाही. याईनं कार्ड घेतलं. इंग्रजीत लिवलेलं, अन् कोपऱ्यात अंगठीचा फोटो, किती साफ फोटो, बोट तेवढं नव्हतं त्यात.

वापस येताना शहापूर आलं, मी उठली, हे बसूनच. म्हनलं उतरा, तं नाई. गाडी सुरू झाली, मंग मी बी बसली. भंडाऱ्याले उतरून सीधे त्या ज्योतिषाच्या दुकानात. मले वाटलं आता हे मारतात त्याले. पन हे आत गेले अन् कार्ड त्याच्यापुढे ठेवून नुसते उभे. त्यानं वाचलं, अन् त्याचा चेहरा असा फुलला ताई. म्हने, पाहा, मी म्हटलं नव्हतं, आपल्याकडे खोटं मिळतच नाही. मंग म्हने, खड्यात दोष नाही म्हणजे घालण्यात चुकलं. पोरीनं पाळीत अंगठी काढली होती का? तिनं विटाळ पाळला का? मेलेल्या पोरीवर घालून मोकळा झाला तो. मी म्हनलं, महाराज, पोरीचं नाव तोंडातून काढू नोका. तो कार्ड उचलून याईले म्हने, याची झेरॉक्स मारून घेऊ का, तं हे हव म्हनले. कशाले हव म्हनून राहिले हेबी याईले समजत नसन त्या घडीले.

त्याच्यानंतर यायचं बोलनंच आटलं. नकली निघाला असता तं त्या मानसाले शिव्या देल्या असत्या, पोलिसात गेले असते, दुकानापुढे जाऊन बोंबलले असते, काईतरी केलं असतं. असली निघाला अन् सारं फिरून यायच्याच अंगावर आलं. दुकानात भांडं हातात घेऊन उभेच राहत, वाजवत नसत, गिऱ्हाईक वाट पाहून चाललं जाये. शेठनं निभावलं काई दिवस. मंग यायनंच काम सोडलं.

मंग एक दिवस मी बाजारात गेली तं त्या ज्योतिषाच्या काचेवर आमचं कार्ड. मोठं करून, फ्रेम करून लावलेलं. वर लिवलेलं का आमचे खडे लॅबमध्ये तपासलेले. माझ्या सरिताची अंगठी, ताई, रस्त्यावरून जानाऱ्या साऱ्याले दिसे अशी. मी तशीच आत गेली, पिशवी हातात. एक मानूस बसला होता, पवनीकडचा, बाप लकव्यानं पडला होता त्याचा. मी म्हनलं, भाऊ, ते कार्ड माझ्या पोरीच्या अंगठीचं हाय, अन् माझी पोरगी राहिली नाई. ज्योतिषी म्हने, बाई, तुम्ही घरी जा. मी नाई गेली, उभ्या उभ्या सारं सांगतलं, गोळीचं बी, केसाचं बी. त्या मानसानं सारं ऐकलं, डोळे भरले त्याचे, हात जोडले मले. अन् मंग हळूच विचारते, बाई, पन खडा तं असलीच निघाला ना?

काय सांगू. हव म्हनलं. निघाला तं होता. तो मंग काचेच्या पेटीकडे पाहाले लागला.

मी ते कार्ड काढाले लावलं, अमोलले घेऊन गेली तवा काढलं त्यानं, पन आता दुसऱ्या कोनाचं लावलं म्हनतात, मी त्या रस्त्यानं जात नाई. अमोलचं लगन झालं, दोघायचं रक्त आंधी तपासलं, मंग पत्रिका छापली लगनाची. नात हाय आता मले, धावते अंगनात. हे तिले मांडीवर घेतात, पन बोलत नाई जास्त, नात बोलते अन् हे ऐकतात. बाबा माझे गेले मांगच्या साली.

अंगठी? हाय ना घरीच. सून म्हनते विकून टाका, शेजारची म्हनते मले द्या. नकली असती तं उकिरड्यावर फेकली असती मी, झंझट नसती. पन अंगठी असली हाय, ताई. कोनाले देली तं तो घालन, अन् भरोशानं घालन. म्हनून ठेवून देली, माझ्या जितेपनी तं कोनाच्या बोटात जात नाई. मंग पुढचं अमोल पाहीन.

लिवा तुमी, लिवा. नाव बी लिवा तिचं, सरिता. च्या ठंडी करू नोका. लेकरं-बाळं सुखी राहू द्या तुमची, अन् कोनाचं काई दुखत असन तं सांगा त्याईले, गोळी घेत जा म्हना.