कुलासनं रंगवलेली जीपनी

—अंहं, बॉनेटला बोट नको लावूस, ठसा उठेल, अजून पुरती वाळली नाहीये. खालून धर. हां, तशी. आवडली ना? पाटीवर झापोते–बाक्लारान लिहिलंय बघ, तुझ्या आजोबांची गाडी त्याच रस्त्यावर होती म्हणालास ना – माझ्या नवऱ्याची, सेल्मोचीही तिथंच. जन्म गेला त्याचा त्या रस्त्यावर, जीपनीतनं माणसं नेण्यात. मग सरकारवाले जुन्या जीपन्या बंद करा म्हणाले, गाडी गेली भंगारात आणि हा घरी बसला. घरी बसून करणार काय? बिस्किटांचे डबे कापायला लागला. पत्र्याच्या एवढ्या एवढ्या जीपन्या, आरसे, भोंगे, बॉनेटवरचे घोडे, सगळं हातानं. मी आधी हसले – पण चेहरा कसा उजळला होता सांगू त्याचा.

काय म्हणालास? तूही रंगवतोस? रोबोट? ते जपानी, तुकडे जोडून करतात ते? अरे वा. आणि कुठं रंगवतोस – झोपायच्या खोलीत! खिडकी बंद, ए.सी. चालू, धूळ बसू नये म्हणून. बरोबर? मला कसं कळलं? आमच्याकडेही तेच चालायचं रे बाबा. सेल्मोनं खरी गाडी वर्षानुवर्षं रंगवली, पण अंगणात, मोकळ्या वाऱ्यावर, कधी शिंकलासुद्धा नाही. ही छोटी जीपनी मात्र मागच्या खोलीत, दार लावून, कारण एक केस चिकटला तरी याचा दिवस नासायचा. आणि तोंडाला ते कापडी फडकं, तुझ्या गळ्यात आहे ना, तसलंच. त्यानं धूळ अडते पोरा, वाफ नाही अडत, वाफ सरळ आत जाते. डोकं दुखायचं, छाती जड व्हायची, मी ऊन ऊन सालाबात द्यायचे, आल्याचा काढा, तो प्यायचा आणि परत आत.

शेवटचा हात त्याला खऱ्या गाडीसारखाच हवा. तो दोन डब्यांचा असतो, चकाकीत घट्ट करणारं औषध मिसळायचं – काच होते अगदी. त्यानंच घात केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा शरीरानं त्या औषधाशी वैर धरलं की धरलं, मग थेंबभर वासानंही छाती आवळते. मग आमची जोवी दोह्याहून मास्क पाठवते, तो दोन बाजूंना वाफ गाळणाऱ्या डब्या असलेला. रडत रडत फोनवर सांगते, बाबा, हा घालाच. घातला त्यानं. उपयोग काय? एक दिवस घालायच्या आधीच औषधाचं नुसतं झाकण उघडलं, तिथंच खाली बसला. ओठ निळे. ट्रायसिकल रिक्षात घालून नेला मी त्याला, मांडीवर डोकं, आणि माशासारखं तोंड उघडत होता.

वाचला, हो. पण मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवायचा नाही, बोलायचा नाही. पत्र्याच्या जीपन्या तशाच नागड्या, फळीवर.

म्हणून म्हणते, ऐक. खिडकीत पंखा लाव, बाहेर फेकणारा, त्याच्या तोंडाशी बसून रंगव. मास्क डब्यांचाच घे. त्या डब्या संपतात, वास यायला लागला की बदलायच्या, काम झालं की पिशवीत बंद करून ठेवायच्या. आणि दोन डब्यांच्या चकाकीला तोही पुरत नाही म्हणतात, नळीनं बाहेरची हवा घ्यावी लागते – तर तू त्या वाटेला जाऊच नकोस. ही दाढी काढ आधी. दाढीवर मास्क बसत नाही, फटीतून येतं सगळं. हसतोस काय, मैत्रिणीला आवडते म्हणून? तिला म्हणावं, दाढीपेक्षा तुझा श्वास आवडू दे.

ही कुणी रंगवली? कुलासनं. सेल्मोचा दोस्त, कोपऱ्यावर गाड्या रंगवायचं शेड आहे त्याचं. सेल्मो पत्रा कापतो, जोडतो, मी कुलासकडे नेते, तो रंगवून देतो. संध्याकाळी नवी जीपनी हातात दिली की सेल्मो खिडकीपाशी धरतो, फिरवून फिरवून बघतो, मग दोन घास जास्त जातात. नुसत्या त्या नक्षीला तासन्‌तास रंगाची गन धरून माझा खांदा कसा—

नाही. कुलासचा खांदा म्हणायचं होतं.

असा बघू नकोस. हळू बोल, तो आत जागा आहे. कुलास मागंच गावी गेला, सामारला, किल्ली माझ्याकडे ठेवून. मग कोण रंगवणार होतं? शेडला एकच खिडकी, मी पंखा लावला होता रे, खरंच लावला होता. पण शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर निळे ठिपके उडाले, तिनं भांडण काढलं, म्हटलं बोभाटा झाला तर सेल्मोच्या कानावर जाईल. लावून टाकली खिडकी. मास्क जोवीचाच. वास? येतो आता आतून. नव्या डब्या मागितल्या तर जोवी विचारेल ना, आई, कुणासाठी? घरी यायच्या आधी न्हाते, कपडे बदलते. एकदा केसांत राहिला वास, तर याला धाप लागली. मी म्हटलं, समोरच्यांचं दार रंगवतायत.

थांब. थांब जरा… काही नाही. अशी ढास लागते. रात्री शिट्टी वाजते छातीत, तो विचारतो, लुमिंग, मांजर आहे का गं? मी म्हणते, हो. डॉक्टरीणबाईंकडे गेले होते गुपचूप. त्यांनी तेच सांगितलं, त्याचंच सगळं परत. सोड म्हणाल्या, आजच.

सोडून काय करू? सांग ना. थांबले तर त्याला कळेल, कळलं तर पत्रा टाकून देईल आणि परत ती भिंत. ते श्वास घेणं म्हणायचं का? तू शिकलेला आहेस, तुझ्याकडे आहे का काही उत्तर?

– काय रे सेल्मो? कुणी नाही, गिऱ्हाईक आलंय! जीपनी न्यायला! काम आवडलं म्हणतोय!

बोल. मोठ्यानं. कुलासकाकांनी छान रंगवलीय म्हण. अरे म्हण की, वाट बघतोय तो.

…हां.

जा आता. खोकला ऐकू जायच्या आत जा.